परसदारी पाहिलेला विश्वचषक

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत संस्थेच्या वास्तूचा, अध्यक्षांचा आणि देणगीदारांचा इतिहास यावा, हे उचितच होय. परंतु प्रत्येक वस्तीचा आणखी एक इतिहास असतो, तो सभेच्या इतिवृत्तात सापडत नाही. लोक कोणाच्या घरी जमत, कोणत्या दाराने आत येत आणि कोणाशेजारी बसत, याचा तो इतिहास. तात्यापाऱ्यातील अशा एका प्रकरणाची नोंद येथे करावी, असे आम्हांस वाटते. ते प्रकरण म्हणजे १९८६ च्या जून महिन्यात परसात बसून पाहिलेली फुटबॉलची विश्वचषक स्पर्धा.

फुटबॉलचा आणि मराठी वस्तीचा संबंध काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. त्याचे उत्तर रायपूरच्या घडणीत आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सेनानी भास्करपंत छत्तीसगडात उतरले. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी रतनपुराहून येथील कारभार पाहिला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले तरी कारभाराची सूत्रे नागपुराकडेच राहिली आणि कचेऱ्यांतून मराठी माणूस येथे येत राहिला. दुसऱ्या दिशेने बंगाली मंडळी आली. बाल नरेंद्र, म्हणजे पुढील स्वामी विवेकानंद, १८७७ ते १८७९ या काळात रायपुरातच राहिले होते. पुढे बंगाल-नागपूर रेल्वेने कलकत्ता व नागपूर जोडले आणि रायपूर त्या वाटेवरचे ठाणे झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. नागपूर मुंबई राज्यात गेले, रायपूर मध्य प्रदेशात राहिले. घराचा उंबरठा जागचा न हलता आम्ही परप्रांतीय ठरलो. अशा वेळी माणसे आपापल्या भाषेच्या आडोशाला बसतात. मराठी मंडळी गणेशोत्सवात, बंगाली मंडळी दुर्गापूजेत आणि मूळचे छत्तीसगडी शेजारी आपल्या तीज-त्योहारांत रमले. संबंध सलोख्याचे होते, परंतु ते बहुधा रस्त्यावरचे होते, घरातले नव्हते.

आता दूरदर्शनाकडे वळू. या भागात दूरदर्शन आले ते मुळात सामूहिक रूपातच आले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या एका वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहाच्या साहाय्याने भारतातील सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत शैक्षणिक कार्यक्रम दाखविण्यात आले. त्यांत रायपूर परिसरातील खेडीही होती. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची मोठी थाळी उभारलेली, गावात संच एकच आणि त्याच्यासमोर सारा गाव जमिनीवर बसलेला, असे ते दृश्य असे. प्रयोग संपल्यावर १९७७ मध्ये रायपुरास भूस्थित प्रक्षेपण केंद्र मिळाले. शहरात संच हळूहळू आले. ज्या घराच्या छपरावर अँटेना दिसे, ते घर त्या आळीचे सार्वजनिक स्थान होई. १९८३ मध्ये इन्सॅट-१बी कार्यान्वित झाल्यावर दूरदूरची केंद्रे राष्ट्रीय कार्यक्रमाशी जोडली गेली आणि परदेशातील सामने थेट पाहणे आमच्यासारख्या गावांनाही शक्य झाले.

१९८६ ची स्पर्धा मेक्सिकोत झाली. युरोपातील प्रेक्षकांना संध्याकाळी पाहता यावेत म्हणून तेथील अनेक सामने भर दुपारी बारा वाजता खेळविले गेले. मेक्सिकोत बारा वाजतात तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झालेले असतात. घड्याळ युरोपच्या सोयीचे, ऊन मेक्सिकोचे आणि जागरण आमचे, असा तो त्रिवेणी संगम होता. रात्री माजघरात माणसे निजलेली, म्हणून संच परसात काढावा लागे. लांब तार ओढून तो पाटावर ठेवला जाई, शेजारी व्होल्टेज सावरणारे यंत्र घुमत असे. पावसाळा तोंडावर आल्यामुळे ताडपत्री हाताशी असे. खाली सतरंज्या, पितळी डब्यात चिवडा, येथे ज्याला मुर्रा म्हणतात त्या मुरमुऱ्यांची भेळ आणि मध्यंतरात चहा, असा थाट असे.

परस हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आमच्या घरांत पुढच्या दाराने येणाऱ्यास बैठकीची शिस्त होती आणि आत देवघर व स्वयंपाकघर यांचे सोवळे होते. परसदाराला असे काही नव्हते. त्या दाराने दूध घालणारे राऊत आपल्या मुलांसह आले, धोब्याची मुले आली, बंगाली कुटुंबातील दादा आले आणि पलीकडच्या आळीतील छत्तीसगडी ‘कका’ही आले. सारे एकाच सतरंजीवर बसले. आम्ही तेव्हा शाळकरी होतो. घरातील आजीने पहिल्या रात्री खिडकीतून पाहिले आणि दुसऱ्या रात्री स्वतःच विचारले, “पोरांनो, चहा किती जणांचा टाकायचा?” त्या काळी आमच्या आळीत हा प्रश्न लहान नव्हता.

क्रिकेटमध्ये आम्ही मराठी मंडळी जाणकार म्हणून मिरवीत असू. १९८३ च्या विजयी संघात गावसकर, वेंगसरकर व संदीप पाटील होते, त्यामुळे बोलण्याचा अधिकार आपलाच, अशी समजूत होती. फुटबॉलमध्ये तो अधिकार नव्हता. कोल्हापूरच्या तालमींचे फुटबॉलवेड आम्ही ऐकून होतो. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये मुंबईच्या नेव्हिल डिसोझांनी ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल केले आणि भारत चौथा आला, हेही वडीलधारे सांगत. परंतु ऑफसाइड म्हणजे काय, हे आम्हांस बंगाली दादांनी अंगणात खडे मांडून शिकविले. यजमान शिष्य झाला आणि पाहुणा गुरू झाला. शिवाय मैदानावर आपला देश नव्हता, त्यामुळे कोणी कोणाचा पक्ष घ्यावा यास भाषेचे वा जातीचे बंधन उरले नाही.

२२ जूनच्या रात्री अझ्टेका मैदानावर अर्जेंटिना व इंग्लंड भिडले. इंग्लंड पांढऱ्या व अर्जेंटिना गडद निळ्या पोशाखात असल्यामुळे कृष्णधवल पडद्यावरही संघ ओळखता येत होते. ५१ व्या मिनिटाला मॅराडोनाने हाताने चेंडू जाळ्यात ढकलला. पंचांनी गोल दिला आणि परसात वाद पेटला. चारच मिनिटांनी त्याच खेळाडूने आपल्याच अर्धभागातून निघून, इंग्लंडची फळी चुकवीत दुसरा गोल केला, तेव्हा भांडणारे एकदम उभे राहिले. अर्जेंटिनाने तो सामना २-१ असा जिंकला आणि २९ जून रोजी पश्चिम जर्मनीस ३-२ असे नमवून विश्वचषक मिळविला.

पुढे घरोघरी संच आले, १९९० नंतरच्या दशकात केबल आली आणि परसांच्या जागी सदनिका उभ्या राहिल्या. १८ डिसेंबर २०२२ रोजी कतारमध्ये अर्जेंटिनाने फ्रान्सला हरवून पुन्हा विश्वचषक जिंकला. तो सामना अनेकांनी आपापल्या खोलीत, आपापल्या मोबाइलवर पाहिला. चित्र अधिक सुंदर होते. परंतु कोणाच्या यंत्रावर चित्र आधी पोचे, कोणाच्या नंतर. शेजारच्या घरातील आरोळी ऐकू आली की आपल्याकडे आता गोल होणार, हे कळे. एकच गोल एकाच इमारतीत निरनिराळ्या क्षणी होत होता. १९८६ च्या परसात तो सर्वांसाठी एकाच क्षणी झाला होता, आणि त्या क्षणी शेजारी कोण बसले आहे, हे कोणी पाहिले नव्हते.

आपल्या मंडळाने पन्नास वर्षे भाषा जपली, सण जपले, नाटके केली. हे कार्य थोर आहे. तरीही परप्रांतात रुजायचे तर स्वतःचे जपणे पुरत नाही. दुसऱ्यास बसावयास जागाही द्यावी लागते. तात्यापाऱ्याने ती एकेकाळी परसदाराने दिली. आता परस उरले नाहीत, पण मंडळाचे अंगण आहे. पुढील विश्वचषकाच्या रात्री तेथे एक पडदा लागावा, सतरंज्या अंथराव्या आणि चहा किती जणांचा टाकायचा हे आधी मोजू नये, एवढीच आमची विनंती.