बारकोड : खाद्यवेष्टनावरील

बिस्किटांचा पुडा किंवा दह्याचा डबा यांवरील उभ्या काळ्या रेघा मोबाइलमधील ॲपने वाचून त्या पदार्थातील उष्मांक, प्रथिने, कर्बोदके व मेद यांची नोंद आहारवहीत घेण्याचे साधन. मधुमेही, रक्तदाबाचे रुग्ण आणि खेळाडू यांना ते विशेष उपयोगी पडते.

या रेघांमध्ये पोषणाची माहिती नसते. त्यांत असतो केवळ एक क्रमांक, भारतात बहुधा १३ अंकी. सुरुवातीचे ८९० हे अंक कंपनीची नोंदणी असे क्रमांक देणाऱ्या जीएसवन इंडिया या संस्थेकडे झाल्याचे दाखवतात. माल भारतात तयार झाला असे त्यांवरून ठरत नाही. शेवटचा अंक पडताळणीचा असतो. आधीच्या बारा अंकांतील सम स्थानांवरच्या अंकांची तिप्पट आणि विषम स्थानांवरचे अंक यांच्या बेरजेत तो मिळवला की दहाने भाग जाणारी संख्या येते. त्यामुळे एखादा अंक चुकीचा वाचला गेल्यास यंत्राला लगेच कळते. मुळात ही योजना दुकानातील बिलासाठी होती. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात, ट्रॉय येथे च्युइंगमच्या पाकिटावरील असा कोड प्रथम गल्ल्यावर वाचला गेला.

पोषणाचे आकडे येतात ते ॲपच्या माहितीसंचातून. काही संच कंपन्यांच्या माहितीवर उभे असतात, काही वापरणाऱ्यांनी भरलेले असतात. फ्रान्समध्ये २०१२ साली सुरू झालेला ‘ओपन फूड फॅक्ट्स’ हा खुला संच स्वयंसेवकांनी लेबलांची छायाचित्रे देऊन वाढवला. हे मोठे लोकोपयोगी काम आहे. तरीही क्रमांक अचूक वाचला म्हणजे नोंद अचूक झाली, असे मानणे धोक्याचे आहे.

सर्वाधिक घोटाळा परिमाणांत होतो. समजा, लेबलवर १०० ग्रॅमला ४८० किलोकॅलरी लिहिल्या आहेत. ७५ ग्रॅमचा पुडा संपवणाऱ्याच्या पोटात ३६० गेल्या. पण ॲपने ‘एक’ म्हणजे २५ ग्रॅमची एक वाढणी धरली, तर वहीत १२०च चढतात. युरोपीय लेबलवर मीठ ग्रॅममध्ये असते, भारतीय लेबलवर सोडियम मिलिग्रॅममध्ये. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे सुमारे २ ग्रॅम मीठ. रक्तदाबाच्या रुग्णाने एकाला दुसरे समजले, तर हिशेब अडीच पटींनी चुकतो. कर्बोदकांचेही तसेच : अमेरिकी आकड्यात तंतुमय पदार्थ धरलेले असतात, युरोपीय आकड्यात नसतात. इन्सुलिनची मात्रा कर्बोदके मोजून ठरवणाऱ्याने परदेशी पाकिटाबाबत हे आवर्जून पाहावे. म्हणून पहिल्या वेळी पडद्यावरचे आकडे हातातल्या लेबलशी ताडून घ्यावेत आणि खायचा भाग वजनकाट्यावर ठेवावा.

लेबललाही मर्यादा आहे. अमेरिकी नियमांनुसार प्रत्यक्ष उष्मांक, साखर किंवा सोडियम छापील आकड्यापेक्षा २० टक्क्यांपर्यंत अधिक निघाले तरी चालतात.

दुकानाने स्वतः वजन करून बांधलेल्या पनीर वा डाळीच्या पिशवीवर बहुधा २ ने सुरू होणारा कोड असतो. त्यात वजन किंवा किंमत गुंफलेली असते आणि त्याचा अर्थ त्या दुकानापुरताच असतो. भाकरी, उसळ, आमटी यांना तर कोडच नाही. तेथे कच्चा शिधा तोलून हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०१७ची अन्नघटक कोष्टके वापरावीत. त्यांत ५२८ भारतीय खाद्यपदार्थांचे विश्लेषण आहे.