सुई सिन फारच्या चिनी माता

स्वदेश सोडून परक्या भूमीवर संसार मांडणाऱ्या स्त्रियांच्या कथा आज मुबलक आहेत. १९१२ सालीं ‘मिसेस स्प्रिंग फ्रेग्रन्स’ हा संग्रह शिकागो येथें निघाला, तेव्हां अमेरिकेंतील चिनी गृहिणीच्या अंतःकरणांत डोकावणारें लेखन अगदींच विरळ होतें. लेखिका सुई सिन फार. मूळ नांव एडिथ मॉड ईटन. बाप इंग्रज, आई चिनी. जन्म १८६५ चा, इंग्लंडांतला. चेहऱ्यानें ती गोऱ्यांत सहज खपून गेली असती; चिनी भाषाहि तिला धड येत नव्हती. तरीही तिनें चिनी नांव घेतलें. धाकटी बहीण विनिफ्रेड मात्र जपानी वळणाच्या टोपणनांवानें कादंबऱ्या लिही. कारण त्या काळीं अमेरिकन वाचकाला जपानचें कौतुक होतें, चीनचा तिटकारा.

या तिटकाऱ्याला कायद्याचें पाठबळ होतें. १८७५ च्या कायद्यानें अनीतीच्या संशयावरून चिनी स्त्रियांची वाट जवळजवळ बंद केली, १८८२ च्या बहिष्कार-कायद्यानें मजुरांना मज्जाव केला. व्यापाऱ्याच्या पत्नीला तेवढी मुभा राहिली.

‘स्वतंत्रांच्या भूमींत’ अशा उपरोधिक नांवाच्या कथेंतील ले चू ही अशीच व्यापाऱ्याची पत्नी. मूल चीनमध्यें जन्मलेलें, त्याचे कागद नाहींत, म्हणून अधिकारी तें बंदरावरच काढून घेतात. सोडवणुकीसाठीं तिचे दागिने वकिलाच्या हातीं जातात. दहा महिन्यांनीं ती मिशनच्या शिशुगृहांत जाते, तों मूल तिला ओळखीत नाहीं. गोऱ्या बाईच्या झग्याआड लपतें.

‘नवें शहाणपण’ ही कथा याहून भयंकर. पाउ लिन सात वर्षांच्या ताटातुटीनंतर मुलासह पतीकडे येते. पति सुजाण आहे, त्याच्या अमेरिकन स्नेही स्त्रियाहि दुष्ट नाहींत. परंतु मुलाला अमेरिकन शाळेंत घालण्याचें ठरतें, त्यांत आईच्या मताला मोल नसतें. शाळेच्या आदल्या रात्रीं ती स्वतःच मुलाचा प्राण घेते. तिच्या लेखीं तें मूल वांचलेलें असतें. पति तिला घेऊन चीनला परततो. लेखिका तिचें समर्थन करीत नाहीं, पण सारा दोष तिच्या एकटीच्या पदरांत टाकीतहि नाहीं.

संग्रहांतील सगळ्याच कथा या तोलाच्या नव्हेत. कांहीं भाबड्या आहेत. पण एक गोष्ट तिनें अचूक हेरली. पुरुषाला पेढीवर, स्नेह्यांत नवें अस्तित्व सांपडे; स्त्रीला मूल हाच उरलेला देश होता, आणि झगडा नेमका तेथेंच पेटे.

१९१४ सालीं मॉन्ट्रियल येथें ती वारली. तिच्या थडग्यावरील शिळा तेथील चिनी लोकांनीं उभारली. बहिष्कार-कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडावें लागलें.