पाइपची गोड वडी आणि ओठाचा कॅन्सर

‘डॉक्टर, पाइपचा धूर मी छातीत घेतच नाही, मग धोका कसला?’ असं काही जण विचारतात. याचं उत्तर दोनशे वर्षांहून जुनं आहे.

इंग्लंडमधल्या केंडल गावात १७९२ मध्ये तपकिरीचा धंदा सुरू झाला. पुढे तिथे पाइपसाठी ‘प्लग’ही बनू लागला. प्लग म्हणजे तंबाखूची पानं थरावर थर रचून, दाबून केलेली घट्ट वडी. चाकूने काप काढायचे, तळहातावर चोळायचे आणि पाइपमध्ये भरायचे. दाबून मुरवल्यामुळे पानाचा उग्रपणा उतरतो, सुक्या मेव्यासारखा गोडसर वास येतो. घट्ट तंबाखू जळतेही सावकाश.

१७९५ मध्येच जर्मन शरीररचनातज्ज्ञ सोमरिंग यांनी पाइप ओढणाऱ्यांमध्ये ओठाचा कॅन्सर दिसतो, अशी नोंद केली. कारण सोपं आहे. धूर तोंडात घोळतो, त्यातली कॅन्सरकारक द्रव्यं ओठ, जीभ, गाल यांना लागतात आणि निकोटिन तिथूनही रक्तात शिरतं. मुरवल्याने चव मऊ होते, धुराचं विष तसंच राहतं.

ओठावर किंवा तोंडात तीन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा दिसला, तर लगेच डॉक्टरांना दाखवा.