कूपरचा काळा टाइप

छापलेला मजकूर आपण वाचतों. तो ज्या अक्षरांत छापला आहे त्यांजकडे क्वचितच पाहतों. तथापि कांहीं अक्षरें अशीं आग्रही असतात कीं, तीं आधीं स्वतःकडे पाहावयास लावितात. अमेरिकेंतील ‘कूपर ब्लॅक’ हा रोमन टाइप त्यांपैकींच होय.

ऑस्वल्ड कूपर (१८७९-१९४०) शिकागोस आला तो चित्रकार होण्यासाठीं. चित्रें कांहीं साधलीं नाहींत. परंतु फ्रँक होम यांच्या त्या शाळेंत फ्रेडरिक गौडी हे अक्षरलेखन शिकवीत, त्यांच्या हाताखालीं त्याला आपली वाट सांपडली. १९०४ सालीं त्यानें भागीदारींत जाहिरातींचा धंदा थाटला. जाहिरातींसाठीं त्यानें हातानें काढलेल्या अक्षरांवर बार्नहार्ट ब्रदर्स अँड स्पिंडलर या टाइप-फौंड्रीची नजर गेली, आणि १९२२ मध्यें हा टाइप बाजारांत आला.

देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबतें. रोमन अक्षर तळरेषेवर उभें राहतें. म्हणून त्याचे पाय सपाट असावेत असा संकेत. कूपरनें नेमके ते पायच गोल केले! अक्षर काळेंकुट्ट, लठ्ठ, पण कोठें टोंचत नाहीं. ओल्या कागदावर शाई पसरावी तशीं त्याचीं टोंकें. ‘ओ’चें पोट तर चक्क मागें रेललेलें. छापखान्याच्या शिस्तींतून हाताचा हा ओलावा निसटून आला, यांतच त्याची खरी कमाई आहे.

जुन्या वळणाच्या मुद्रकांनीं नाकें मुरडलीं. जाहिरातदारांनीं मात्र त्याला डोक्यावर घेतलें. खप पाहून लॅन्स्टन मोनोटाइप कंपनीनें तोडीस तोड टाइप करण्याचें काम कोणास द्यावें? खुद्द गौडींस! त्यांचा ‘गौडी हेवीफेस’ १९२५ सालचा. गुरूचें अक्षर घोटीव आहे खरें. जिवंतपणा मात्र शिष्याच्याच पदरांत.

शिशाच्या खिळ्यांस चौकोनी अंग असतें, त्यामुळें हीं गुबगुबीत अक्षरें हवीं तितकीं खेटून बसत नसत. फोटोवरून जुळणी होऊं लागल्यावर ती अडचण सरली. १९६६ च्या ‘पेट साउंड्स’ या गीतसंग्रहाच्या वेष्टनावर आणि १९६८ पासून ‘डॅड्स आर्मी’ या ब्रिटिश विनोदी मालिकेच्या नामावलींत तीं झळकलीं. १९९५ सालीं सुरू झालेल्या ईझीजेट या विमान-कंपनीनेंहि आपलें नांव याच टाइपांत लिहिलें. उडत्या विमानाच्या अंगावर इतकें लठ्ठ अक्षर शोभावें, ही गंमतच नव्हे काय?