रांगेत उभे राहून

जामसांवली हे गाव आमच्या वाचकांपैकी फार थोड्यांनी पाहिले असेल. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूर मुंबई राज्यात गेले व छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. त्याच जिल्ह्यातून २०२३ साली पांढुर्णा हा नवा जिल्हा निघाला आणि जामसांवलीचा सौंसर तालुका त्यात आला. दप्तर हिंदीत चालते, परंतु देवळाच्या आवारात कान द्यावा तर वऱ्हाडी-नागपुरी वळणाची मराठी सर्वत्र ऐकू येते. येथला मारुती उभा नाही की हातावर पर्वत घेऊन उड्डाण करीत नाही. तो पिंपळाखाली पहुडलेला आहे. मनाच्या व्याधींनी गांजलेल्या माणसांना त्यांचे आप्त येथे घेऊन येतात, मूर्तीच्या नाभीतील जलाचे तीर्थ देतात, आणि कित्येक जण दिवसच्या दिवस येथे राहतात.

मंगळवारची रांग लांबलचक होती. आम्ही रांगेतच वही काढून टिपणे करू लागलो. आमच्या मागे एक वृद्ध बाई आपल्या तरुण मुलाचा हात घट्ट धरून उभ्या होत्या. बराच वेळ त्यांनी आमच्या वहीकडे पाहिले आणि मग विचारले, "काय लिहून राह्यले जी?" देवळाची माहिती, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "अन् आमचं बी लिहून राह्यले का?"

वही मिटणे भाग पडले. मात्र प्रश्न काही मिटला नाही, आणि हा लेख त्यातूनच निघाला आहे. ज्या माणसांविषयी लिहावयाचे त्यांच्यातच राहावे, त्यांच्याबरोबर जेवावे, चालावे, त्यांची भाषा बोलावी आणि मग लिहावे, या पद्धतीस समाजशास्त्रज्ञ 'सहभागी निरीक्षण' म्हणतात. मालिनोव्स्की या पोलिश पंडिताने पहिल्या महायुद्धाच्या काळात ट्रोब्रियंड बेटांवर तंबू ठोकून ती रूढ केली आणि १९२२ साली आपला ग्रंथ प्रसिद्ध केला, असे शिकविले जाते. ते खरेही आहे. परंतु पांढुर्ण्याहून वरूडच्या बाजूने वऱ्हाडात उतरले की मोर्शी तालुक्यात रिद्धपूर लागते, आणि त्या गावाचे नाव येताच आम्हांस या इतिहासाचा आरंभ बराच मागे न्यावासा वाटतो.

तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी रिद्धपुरी 'लीळाचरित्रा'चे काम केले. चक्रधरस्वामी गेलेले; त्यांचे बोलणे, चालणे, जेवणे, रागावणे हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्या शिष्य-शिष्यिणी तेवढ्या उरलेल्या. म्हाइंभट एकेकास गाठून विचारीत गेले. हे शोधन मोठे विलक्षण आहे. एकाच प्रसंगाविषयी दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही ठेवावयाच्या, कोणाचे म्हणणे काय ते सांगावयाचे. चमत्काराइतकीच जागा दूधभाताला द्यावयाची. स्वतः म्हाइंभट पंथाचे अनुयायी होते, म्हणजे आतले होते. तरीही ऐकीव गोष्ट कोणाकडून ऐकली हे सांगण्याची शिस्त त्यांनी सोडली नाही. पुढे खिलजीच्या फौजांच्या धामधुमीत मूळ पोथी गेली, आणि हिराइसा या शिष्येच्या पाठांतरावरून व इतरांच्या आठवणींवरून ती पुन्हा सिद्ध झाली, अशी पंथाची परंपरा आहे.

असाच एक योग विसाव्या शतकात आला. मुंबई विद्यापीठात डॉ. घुर्ये यांच्या हाताखाली शिकलेले म्हैसूरचे एम. एन. श्रीनिवास १९४८ साली रामपुरा नावाच्या खेड्यात जाऊन राहिले. १९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्ड येथे लावलेल्या आगीत त्यांची टिपणे जळाली. त्यांनी मग बहुतांशी स्मरणावर विसंबून पुस्तक लिहिले. ते १९७६ साली निघाले. पोथी जाते, पण जो माणसांत राहिला त्याच्यापाशी काही उरते, हे रिद्धपूरला सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच कळले होते.

मधल्या काळात इंग्रजी अमलात माहिती गोळा करण्याची तऱ्हा निराळी झाली. रसेल व रायबहादुर हिरालाल यांचे मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचे चार खंड १९१६ साली प्रसिद्ध झाले. ते आजही उपयोगी पडतात. हिरालालांसारखा जाणता माणूस त्यांच्यामागे होता. पण त्या खंडांतील कितीतरी मजकूर तहसीलदार, शिक्षक वगैरे मंडळींनी लिहून पाठविलेला. साहेब विचारी, खाली हुकूम जाई, वर उत्तर येई. त्यात माणसे दिसतात, पण त्यांनी उलट विचारलेला प्रश्न दिसत नाही. पुढे याच सातपुड्यात दुर्गाबाई भागवत गोंडांची गाणी व चालीरीती जमवीत हिंडल्या. त्या वनवासात जडलेल्या दुखण्याने त्यांची कित्येक वर्षे अंथरुणावर गेली.

उलट विचारलेला प्रश्न ज्यांनी प्रांजळपणे लिहून ठेवला त्या इरावतीबाई कर्वे. शिक्षण त्यांचे बर्लिनचे, डॉक्टरेट १९३० ची, आणि ती मानवी कवटीच्या मोजमापांवर. डेक्कन कॉलेजात आल्यावरही त्यांनी महाराष्ट्रभर हिंडून हजारो माणसांची डोकी व नाके मोजली. अशा बाई एके वर्षी आषाढीच्या वारीत दिंडीबरोबर पंढरपूरला पायी गेल्या. त्यावरचा 'वाटचाल' हा लेख मराठीत पुष्कळांनी वाचला आहे. १९६२ साली त्याचे इंग्रजी भाषांतर अमेरिकेतील एका विद्वत्-त्रैमासिकात आले व जगभरच्या अभ्यासकांपर्यंत पोचले. अभंग एक, वाट एक, चिखल एक; पण मुक्कामावर ब्राह्मणांची पंगत निराळी आणि मराठ्यांची निराळी, हे बाईंना बोचू लागले. त्या मराठा बायकांमध्ये जाऊन जेवल्या. त्यानंतर त्या बायका मोकळ्या झाल्या, हात धरून चालू लागल्या, संसारातल्या गोष्टी सांगू लागल्या, ताई म्हणू लागल्या. पुण्याला तुमच्या घरी येऊ, असेही म्हणाल्या. तेव्हा त्यांतल्या एका तरुण मुलीने विचारले की, आता वागता तशाच तेव्हाही आमच्याशी वागाल ना?

इरावतीबाईंच्या काळजाला हा प्रश्न झोंबला आणि तसे त्यांनी कबूल केले. आमच्या मते त्या सबंध लेखात याहून मोलाची जागा नाही. मालिनोव्स्कीची खासगी रोजनिशी त्याच्या मृत्यूनंतर १९६७ साली छापली गेली, तेव्हा बेटावरच्या लोकांचा त्याला किती वैताग येई हे जगास समजले व एकच गहजब झाला. बाईंनी आपली अडचण मूळ लेखातच ठेवली होती.

त्याच पंढरीच्या वाटेकडे आमच्या गोव्याच्या एका सुपुत्राने दुसऱ्या दृष्टीने पाहिले. दामोदर धर्मानंद कोसंबी जन्मले गोव्यात, शिकले हार्वर्डला, शास्त्र गणिताचे. पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पायी तुडवून ते गारगोटीची बारीक अश्मास्त्रे वेचीत आणि वाटेतल्या शेंदरी दगडापाशी थांबून हा कोणता देव, याची जत्रा केव्हा, असे गुराख्यांना विचारीत. वारीच्या वाटा या त्याहून फार जुन्या, गुरेमेंढ्या घेऊन हिंडणाऱ्या माणसांच्या वाटा असाव्यात, असे त्यांनी मांडले. ते भक्त नव्हते, आणि त्यांची पुष्कळ मते आमच्या वाचकांस रुचणार नाहीत. तरीही १९६२ च्या त्यांच्या ग्रंथात गोव्याच्या जुन्या काबिजादीतील गावकरीवर एक सबंध प्रकरण आहे, आणि त्यात त्यांनी स्कंदपुराणातील कथा व गावात दिसणारी वस्तुस्थिती शेजारी शेजारी ठेवून पाहिली आहे. आपल्या महाजनांपैकी किती जणांनी ते उघडून पाहिले असेल?

कुशस्थळीहून मंगेश प्रियोळास आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आली. या स्थलांतराविषयी घराघरांत काही ना काही सांगितले जाते, आणि दोन घरांचे सांगणे जुळत नाही. स्मरणिका छापताना आपण त्यांतले एक निवडतो आणि दुसरे पुसतो. म्हाइंभटांनी तसे केले नसते. पालखीला खांदा देणारा, दिवटी धरणारा, नैवेद्याची भांडी घासणारी बाई यांना आपण कधी विचारीत नाही. विचारले तर घाईने, आणि उभ्या उभ्या.

जामसांवलीस रांग पुढे सरकायला अडीच तास लागले. त्या बाईंनी नंतर आपण होऊन बरेच सांगितले: मुलाला केव्हापासून असे होते, कोठे कोठे दाखविले, घरचे काय म्हणतात. दवाखाना सोडला नाही ना, असे आम्ही विचारले. गोळ्याही चालू आहेत, म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतली पुडी दाखविली. तीर्थ घेताना मुलाने हात मागे घेतला, तेव्हा त्यांनी आमच्या हातावर त्याच्या वाट्याचेही घालावयास लावले आणि म्हणाल्या, "तुम्ही घ्या, मंग तो घेते." आम्ही घेतले. मग त्यानेही घेतले. बाकीचे त्यांनी जे सांगितले ते आम्ही येथे लिहिलेले नाही.