मद्य, संमती आणि महाविद्यालयीन तरुणी

अमेरिकेतील बहुतेक विद्यापीठांमध्ये ऑगस्टच्या अखेरीस नवे शैक्षणिक वर्ष सुरू होते. तेव्हापासून नोव्हेंबरमधील थँक्सगिव्हिंगच्या सुटीपर्यंतच्या काळाला तेथे ‘रेड झोन’ असे नाव पडले आहे. घर सोडून प्रथमच वसतिगृहात राहावयास आलेल्या मुलींना लैंगिक अत्याचाराचा धोका या आठवड्यांत अधिक असतो, असे अभ्यासकांना आढळून आले. नवे गाव, नव्या ओळखी आणि शनिवार-रविवारच्या पार्ट्यांत सहज मिळणारे मद्य, असा हा काळ असतो. महाराष्ट्रातूनही दरवर्षी अनेक मुली याच सुमारास तेथे दाखल होतात.

या प्रश्नाची देशव्यापी मोजदाद प्रथम मानसशास्त्रज्ञ मेरी कॉस यांनी केली. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या पाहणीत ३२ शिक्षणसंस्थांतील सहा हजारांहून अधिक विद्यार्थी-विद्यार्थिनी होते. वयाच्या चौदाव्या वर्षानंतर बलात्कार किंवा त्याचा प्रयत्न सोसावा लागलेल्या मुलींचे प्रमाण २७.५ टक्के निघाले. अत्याचार करणारा बहुधा ओळखीचाच होता, आणि कायद्याच्या व्याख्येत बसणाऱ्या त्या घटनेला बलात्कार म्हणावे, असे बहुसंख्य मुलींना वाटलेले नव्हते. पुढे २००७ मध्ये दोन मोठ्या सरकारी विद्यापीठांतील ५,४४६ विद्यार्थिनींचा अभ्यास झाला. महाविद्यालयात आल्यानंतर बळजबरीने अत्याचार झालेल्या मुली ४.७ टक्के होत्या, तर नशेमुळे प्रतिकार वा संमती यांपैकी काहीच शक्य नसताना अत्याचार झालेल्या ११.१ टक्के. पेयात कोणीतरी गुंगीचे औषध मिसळील, ही धास्ती पालकांना मोठी असते. या अभ्यासात तसे प्रकार अगदी थोडे आढळले. बहुतेक ठिकाणी साधन होते ते उघडपणे प्यालेले मद्यच.

मद्याचा परिणाम स्त्रीच्या शरीरावर लवकर होतो. तिच्या शरीरात पाण्याचा अंश तुलनेने कमी असल्याने तेवढ्याच मद्यातून रक्तात अधिक अल्कोहोल साठते. म्हणूनच अमेरिकी मोजमापानुसार सुमारे दोन तासांत पुरुषाने पाच व स्त्रीने चार ‘ड्रिंक’ घेतली, तर ते अतिमद्यपान ठरते. एका ‘ड्रिंक’मध्ये १४ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, म्हणजे साधारण ३५० मिलिलिटर बिअर, धरली जाते. नशेत मनाचे लक्ष समोरच्या ठळक गोष्टीपुरतेच उरते. मैत्रिणी निघून गेल्या, दार लावले गेले, यांसारख्या खुणा मग नजरेतून सुटतात. पुरुषाच्या बाजूने हेच मद्य वेगळे काम करते. साध्या मोकळेपणाचा अर्थ तो होकार असा लावतो, आणि पुढे ‘प्यालो होतो’ ही सबब त्याला आयतीच मिळते. समाजाचा न्यायही अजब आहे. प्यालेल्या पुरुषाचा दोष त्यामुळे हलका मानला जातो, तर प्यालेल्या मुलीचा दोष वाढतो.

‘पिऊ नका’ एवढाच उपदेश करून फारसे काही साधले नाही. अमेरिकेत मद्यपानासाठी किमान वय २१ आहे. त्यामुळे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीला तक्रार केली तर आपल्यावरच कारवाई होईल, अशी भीती असे. कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये केलेल्या कायद्याने अशा तक्रारदार विद्यार्थिनीला मद्यपानाबद्दल सहसा शिक्षा करू नये, असे बंधन विद्यापीठांवर घातले. नशेमुळे भान हरपलेली व्यक्ती संमती देऊच शकत नाही, हेही त्यात नमूद झाले.

वॉशिंग्टन विद्यापीठात ॲलन मार्लाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी निराळी वाट धरली होती. विद्यार्थी स्वतः किती पितो आणि इतर खरोखर किती पितात, हे आकडे त्याच्यापुढे ठेवायचे. ‘सगळेच पितात’ हा समज बहुधा फुगवलेला असतो, आणि तो उतरला की पिणेही उतरते. त्याच विद्यापीठात अमांडा गिलमोर यांनी मद्यपान व लैंगिक अत्याचार हे दोन्ही विषय एकत्र आणणारा संगणकीय कार्यक्रम तयार केला. २०१५ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूर्वी गंभीर अत्याचार सोसलेल्या मुलींना त्याचा विशेष लाभ झाला. तीन महिन्यांनंतर त्यांचे अतिमद्यपान कमी झाले होते आणि नशेच्या अवस्थेतील अत्याचारही. हा निष्कर्ष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण अत्याचारानंतर दुःख बुडविण्यासाठी पिणे आणि त्यातून पुन्हा धोका, हे चक्र अनेकींच्या वाट्याला येते.

सर्वांत भक्कम पुरावा मात्र कॅनडातून आला. विंडसर विद्यापीठातील चार्लीन सेन यांनी तीन विद्यापीठांतील प्रथम वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनींवर केलेला प्रयोग २०१५ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ने छापला. निम्म्या मुलींना माहितीपत्रके उपलब्ध करून देण्यात आली, तर निम्म्यांना प्रत्येकी तीन तासांच्या चार सत्रांचे शिक्षण. ओळखीच्या पुरुषाच्या वागण्यातील धोका ओळखणे, ‘त्याला वाईट वाटेल’ हा संकोच बाजूला सारणे, ठामपणे बोलणे, स्वसंरक्षण आणि स्वतःला नात्यात काय हवे आहे याचा विचार, हे त्यात शिकविले गेले. वर्षभरात माहितीपत्रकांच्या गटातील ९.८ टक्के मुलींवर बलात्कार झाला. शिक्षण घेतलेल्यांत हे प्रमाण ५.२ टक्के होते. या शिक्षणानंतर पीडितेलाच दोष देण्याची वृत्तीही ओसरली. सावधगिरी शिकविली की दोष मुलींच्या माथी येतो, या जुन्या आक्षेपाला हे बरेच समर्पक उत्तर आहे. तरीही ५.२ टक्के उरतातच. पुरुषांचे वर्तन बदलणे हे काम मुलींच्या शिक्षणाने होणारे नाही, आणि त्याबाबत हाती आलेले पुरावे अद्याप तोकडे आहेत.

भारतातील कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. नशेमुळे कृत्याचे स्वरूप व परिणाम समजू न शकणाऱ्या स्त्रीने दिलेली संमती भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ नुसार ग्राह्य नाही. पूर्वीच्या दंडविधानातही हीच तरतूद होती. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१५ च्या नियमांनुसार प्रत्येक उच्च शिक्षणसंस्थेत अंतर्गत तक्रार समिती आवश्यक आहे. बलात्कारपीडितेवर विनामूल्य उपचार करणे सरकारी व खासगी अशा सर्व रुग्णालयांना बंधनकारक आहे. गर्भधारणा टाळणारी तातडीची गोळी आणि एचआयव्हीप्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत, जितके लवकर तितके चांगले. गुंगीच्या औषधाचा संशय असल्यास लघवीचा नमुना लगेच देणे आवश्यक असते, कारण काही द्रव्ये बारा तासांतच सापडेनाशी होतात. महिलांसाठी १८१ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे दूरध्वनी क्रमांक आहेत.