‘टेन्शन’ ते मनोविकार : वऱ्हाडातील न बोलला जाणारा आजार

नागपूर शहरात छिंदवाडा मार्गावर प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. स्थापना १८६४ ची. राज्यातील जुन्या चार मनोरुग्णालयांपैकी हे एक. उर्वरित तीन ठाणे, येरवडा व रत्नागिरी येथे आहेत. अमरावती, अकोला, वाशीम, बुलडाणा आणि यवतमाळ या पश्चिम विदर्भातील जिल्ह्यांना पिढ्यान्‌पिढ्या आधार होता तो याच रुग्णालयाचा. परंतु त्यासमोरील चौक आजही बोलीभाषेत ‘पागलखाना चौक’ म्हणूनच ओळखला जातो. ऑटोरिक्षावाल्याला रुग्णालयाचे नाव सांगून चालत नाही. अमरावतीहून सुमारे दीडशे आणि अकोल्याहून सुमारे अडीचशे किलोमीटरचा प्रवास करून एखादे कुटुंब रुग्णाला घेऊन येते, तेव्हा उतरण्याच्या ठिकाणाचा उच्चारच त्याला पहिला घाव घालतो.

या आजाराविषयीचा संकोच शब्दांपासूनच सुरू होतो. वऱ्हाडात ताप ‘येतो’, कावीळ ‘होते’, पण मनाचा आजार झालेला माणूस थेट ‘येडा’ ठरतो. आजार त्याला झाला असे कोणी म्हणत नाही. तो माणूसच आजार होऊन बसतो. दुसऱ्या टोकाला ‘टेन्शन’ हा सर्वांना चालणारा शब्द आहे. झोप लागत नाही, जेवणावर मन नाही, कशातच करमत नाही, जीव घाबरल्यासारखा होतो, या साऱ्यांना ग्रामीण भागात ‘टेन्शन’ म्हणतात आणि ते सांगायला कोणी लाजत नाही. म्हणजे ‘टेन्शन’ आणि ‘येडा’ या दोन शब्दांच्या मध्ये जे काही आहे त्याला बोलीत नावच नाही. नैराश्य, चिंताविकार, व्यसनाधीनता हे बहुसंख्य मनोविकार नेमके याच निनावी पट्ट्यात येतात.

वृत्तपत्रेही यात निर्दोष नाहीत. ‘वेडसर इसम’, ‘मनोरुग्णाचा धुमाकूळ’ असे मथळे प्रस्तुत प्रतिनिधीनेही उमेदवारीच्या काळात दिलेले आहेत. मधुमेही इसमाचा धुमाकूळ असा मथळा कधी कोणी वाचला नसेल.

आजार म्हणजे नेमके काय?

मनोविकार आणि बौद्धिक अक्षमता (पूर्वीचा शब्द मतिमंदत्व) या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिल्यात पूर्वी व्यवस्थित असलेल्या विचार, भावना वा वर्तनात बिघाड होतो आणि तो उपचाराने बरा किंवा आटोक्यात येऊ शकतो. दुसऱ्यात बुद्धीची वाढ बालपणापासूनच मर्यादित असते. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ ने आपल्या व्याख्येतून बौद्धिक अक्षमता स्पष्टपणे वगळली असून दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित विकार मात्र समाविष्ट केले आहेत. समाज दोघांनाही एकाच दावणीला बांधतो. अचलपूर तालुक्यातील वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी सांभाळलेली बेवारस मुले प्रामुख्याने दुसऱ्या गटातील व मूकबधिर आहेत. या कार्यासाठी त्यांना २०२४ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या आश्रमाला ‘वेड्यांचा आश्रम’ म्हणणे म्हणूनच दुहेरी चूक ठरते.

नैराश्य म्हणजे केवळ दुःख नव्हे. उदासपणा किंवा कशातही रस न वाटणे दोन आठवडे वा त्याहून अधिक काळ जवळजवळ दररोज टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता, कामाची शक्ती यांवर परिणाम झाला, तर डॉक्टर नैराश्याचा विचार करतात. गावात मात्र हा रुग्ण अंगदुखी, डोकेदुखी, अशक्तपणा यांची तक्रार घेऊन येतो आणि सलाइन लावून घरी जातो. स्किझोफ्रेनिया हा त्यामानाने विरळ पण गंभीर आजार असून तो बहुधा ऐन तारुण्यात सुरू होतो. कोणी नसताना आवाज ऐकू येणे, आपल्याविरुद्ध कट चालला आहे अशी पक्की समजूत होणे ही त्याची लक्षणे होत. मराठीत त्याला ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ म्हणण्याची रीत पडली ती दिशाभूल करणारी आहे. एका शरीरात दोन माणसे असा त्याचा अर्थ नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटाने हा आजार अनेक मराठी घरांत प्रथमच नाव घेऊन पोहोचवला.

‘या गोळ्या झोपेच्या असतात, एकदा सुरू केल्या की सुटत नाहीत,’ हा समज शहर-खेडे असा भेद करीत नाही. नैराश्यावरील प्रचलित औषधे झोपेच्या गोळ्यांप्रमाणे सवय लावणारी नाहीत. मात्र त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि एकदम बंद केल्यास त्रास होऊ शकतो. बरेच रुग्ण पहिल्या आठवड्यात ‘फरक नाही’ म्हणून औषध सोडतात, किंवा फरक पडताच ‘आता काय गरज’ म्हणून सोडतात. दोन्ही वेळा दोष औषधाच्या माथी येतो.

पात्र, अपात्र आणि मन

वऱ्हाडात मानसिक आरोग्याचा विषय शेतकरी आत्महत्यांपासून वेगळा काढता येत नाही. अमरावती विभागातील पाच जिल्ह्यांची नोंद विभागीय आयुक्त कार्यालय २००१ पासून ठेवीत आहे. प्रत्येक प्रकरण जिल्हा समितीपुढे जाते आणि नापिकी, कर्जबाजारीपणा, परतफेडीचा तगादा या निकषांवर ‘पात्र’ वा ‘अपात्र’ ठरते. पात्र ठरल्यास वारसांना एक लाख रुपये मिळतात. ही रक्कम २००६ च्या शासन निर्णयाने ठरली.

या पद्धतीचा एक परिणाम फारसा चर्चिला जात नाही. कारण म्हणून कर्ज लिहिले तर मदत, आजारपण वा व्यसन लिहिले तर नकार, अशी भीती असेल तर मृताच्या नैराश्याविषयी कोणते कुटुंब तोंड उघडेल? दुसऱ्या बाजूने, ‘तो मुळातच मनाने खचलेला होता’ असे म्हणून कापसाचा भाव, सिंचन आणि कर्ज यांचे प्रश्न झटकून टाकणेही सोयीचे असते, आणि तसे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. शेतकरी संघटनांचा समुपदेशनावरील राग त्यामुळेच समजण्यासारखा आहे. वस्तुतः सावकाराचा तगादा आणि नैराश्य एकाच माणसाच्या उशाशी एकाच रात्री बसलेले असतात. कोणत्याही आत्महत्येला एकच एक कारण नसते, हे जगभरातील अभ्यासक सांगत आले आहेत. आपला रकाना मात्र एकच आहे.

तीस गावांचा अनुभव

या पार्श्वभूमीवर अमरावती जिल्ह्यातच झालेल्या एका प्रयोगाची नोंद घेतली पाहिजे. ‘विश्राम’ (विदर्भ स्ट्रेस अँड हेल्थ प्रोग्रॅम) या नावाने जिल्ह्यातील तीस गावांत ‘संगाथ’ या संस्थेच्या पुढाकाराने तो राबविण्यात आला. त्याची रचना साधी होती. गावातीलच आरोग्य कार्यकर्ते घरोघरी व बैठकांतून बोलत. प्रशिक्षित समुपदेशक, जे डॉक्टर नव्हते, ठरावीक पद्धतीने समुपदेशन करीत. गरज असलेल्या थोड्यांनाच मनोविकारतज्ज्ञाकडे पाठविले जाई. सुरुवात ‘मानसिक आजार’ या शब्दापासून नव्हे, तर ताण आणि चिंता यांपासून केली जाई.

डॉ. राहुल शिधये, डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री’ या नियतकालिकात त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रारंभी नैराश्य असलेल्या शंभर जणांपैकी जेमतेम चार जणांनी त्यासाठी कोणाची मदत घेतली होती (४.३ टक्के). अठरा महिन्यांनंतर हे प्रमाण २७.२ टक्के झाले. वर्षभरात आत्महत्येचे विचार मनात आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तुलनेसाठी प्रकल्पाबाहेरील गावे अभ्यासात नव्हती. तेव्हा सारे श्रेय प्रकल्पाला देताना थोडा हात आखडता घ्यावा लागेल. तरीही पहिला आकडा लख्ख आहे. दार जवळ आले आणि त्यावरील पाटी बदलली, तर वऱ्हाडातील माणूस ते ठोठावतो. २७ नंतर उरलेल्या ७३ जणांचे काय, हाही प्रश्न त्याच आकड्यात आहे.

राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाड्यातील आठ आणि विदर्भातील सहा अशा चौदा आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला. अमरावती व अकोला त्यात होतेच. ‘आशा’ कार्यकर्तीने प्रश्नावलीच्या आधारे कुटुंबाची विचारपूस करावी आणि लक्षणे आढळल्यास प्राथमिक आरोग्य केंद्र, तेथून जिल्हा रुग्णालय असा मार्ग दाखवावा, ही कल्पना. कल्पना उत्तम असली तरी ‘आशा’ ही त्याच गावची सून असते. तिला सांगितले की सांजेपर्यंत गावाला कळेल, ही शंका घरातील बाईच्या मनात येतेच. गोपनीयता हा शब्द प्रशिक्षणात शिकवता येतो. गावाचा विश्वास बसायला वर्षे लागतात.

भूमका, दर्गा आणि दवाखाना

मेळघाटात कोरकू कुटुंब आजारपणात प्रथम भूमका किंवा पडियारकडे जाते. सपाटीवरील गावांतही ‘बाहेरचे’ आहे का हे पाहून घेतल्याशिवाय मनोविकारतज्ज्ञाची पायरी चढणारे थोडेच. याला केवळ अज्ञान म्हणून मोकळे होता येत नाही. भूमका गावात आहे, तो बोली बोलतो, वेळ देतो, आणि ‘करणी’ झाली असे सांगितल्याने दोष रुग्णाकडून बाहेर जातो, हा कुटुंबाला मोठाच दिलासा असतो. ‘करणी’ झालेल्या मुलीचे लग्न जमू शकते. ‘मेंटल’ मुलीचे जमत नाही.

परंतु या वाटेचा शेवट कधीकधी साखळदंडात होतो. तामिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मरण पावले. साखळीने बांधलेले असल्यामुळे त्यांना पळता आले नाही. महाराष्ट्राने डिसेंबर २०१३ मध्ये संमत केलेल्या जादूटोणाविरोधी कायद्यात भूत उतरविण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारहाण करणे, मिरचीची धुरी देणे ही कृत्ये गुन्हा ठरविण्यात आली. गाडगेबाबांच्या कीर्तनांनी जी भूमी अर्धशतक खडसावली, तेथे हा कायदा लागला याचे वैषम्य वाटते. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातील उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात २००८ पासून ‘दवा आणि दुआ’ हा उपक्रम झाला. दुआ घ्यायला आलेल्या रुग्णास तेथेच डॉक्टरही भेटत. आपल्याकडील देवस्थानांनी असे काही करून पाहण्यास हरकत नसावी.

कायदा कुठे पोहोचला?

१९१२ च्या कायद्याचे नावच ‘लुनसी अ‍ॅक्ट’ होते. १९८७ च्या कायद्याने त्याची जागा घेतली आणि २९ मे २०१८ पासून २०१७ चा कायदा लागू झाला. त्यानुसार रुग्णाला साखळीने बांधण्यास, तसेच भूल न देता विजेचे उपचार करण्यास मनाई आहे. आपल्यावर कोणते उपचार व्हावेत हे आगाऊ लिहून ठेवण्याचा व आपला प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार रुग्णाला आहे. पूर्वी उपचार घेतले एवढ्यावरून कोणाला आज मनोरुग्ण ठरविता येत नाही. विमा कंपन्यांनी शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावे, असेही बंधन आहे. आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिच्या उपचाराची जबाबदारी शासनावर टाकण्यात आली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर जुने कलम ३०९ उरलेलेच नाही.

विवाहाच्या बाबतीत मात्र कायदा रेंगाळला आहे. अमरावतीकरांना येथे तपोवन आठवेल. स्वातंत्र्याच्या सुमारास डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी शहराबाहेर कुष्ठरुग्णांची वसाहत उभारली, तेव्हा ‘महारोगी’ हा शब्द उच्चारणेही लोक टाळीत. पुढे औषध आले, रोग बरा होऊ लागला, आणि २०१९ मध्ये कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण कायद्यातून वगळण्यात आले. मिरगी (अपस्मार) ही विवाहातील बाधा १९९९ मध्येच काढली गेली होती. मनोविकार हे कारण अद्याप कायम आहे. केवळ आजाराचे नाव पुरेसे नाही, त्याची तीव्रता पाहिली पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये स्पष्ट केले असले, तरी वधूपक्षाची घरे चिठ्ठ्या लपवतात ती न्यायालयाच्या भीतीने नव्हे, सोयरिकीच्या. चिठ्ठी लपली की औषध लपते आणि सासरी गेल्यावर ते बंदच पडते. आजार उलटतो तो अशा वेळी.

उपचारासाठी आता नागपूरच गाठावे लागते असे नाही. अकोल्यात २००२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अमरावतीत जिल्हा सामान्य रुग्णालय (इर्विन) असून शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्‌घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालेली केंद्र शासनाची ‘टेली-मानस’ ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य उपलब्ध असून तेथे मराठीतून बोलता येते. स्वतःच्या वा घरातील कोणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असल्यास या क्रमांकावर लगेच संपर्क साधावा आणि त्या व्यक्तीला एकटे सोडू नये. फोन करणाऱ्याने नाव सांगितलेच पाहिजे, अशी अट नाही.